पोरगी घरी न्हाई

मु. पो. वरवंड, ता. दौंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानू,

आशीर्वाद हायेच, तो काय आटत न्हाई. पण पाच आठवडं झालं फोन उचलत न्हाईस, ह्याला काय म्हणायचं? मी सांगते, सूनबाई सोनम टाईप करती, आन् तिकडनं तू अंगठा पाठवतोस. तुझी पोरगी तापली होती तवा अंगठा. दिवाळीला नवा फ्रॉक घालून तिनं फोटो पाठवला, अंगठा. तिच्या मुदतीचं काय करायचं म्हणून विचारलं, त्यालाबी अंगठाच. अरे, अंगठा उठवायचं काम माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचं. तू बारावी झालेला. तिकडं तुझ्या शेजारच्या डेअरीवर धाड पडली तवापासून तू भेलास, ते मला कळतंय. पण बोटानं चित्र दाबायला भीती वाटत न्हाई, मग तोंडानं बोलायला कशाची वाटती?

इकडं सगळी ठीक. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतोय तो दुखतोयच. विहिरीवरची मोटर जळाली होती, भरून आणली. कांद्याचं रोप टाकलंय. मल्हारची रांजणगावची कंपनी चालू हाय, सोनमला मिरजेच्या माहेरची आठवण येती आन् ती माझ्याशी भांडती. म्हंजी ठीकच.

पत्राचं खूळ कशाला म्हणशील. घर दोन खोल्यांचं, आन् तुझ्या पोरीला आता मराठी कळतं. नुसतं कळत न्हाई, मला उलटूनबी बोलती. मी फोन कानाला लावला की ती भिंतीला पाठ लावून उभी ऱ्हाती आन् श्वास धरून ऐकती. वाचायला अजून पुरतं येत न्हाई, म्हणून हा कागद. लिहून झाला की सोनम पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर टाकणार. सगळी पानं वाच. मधलं सोडू नको.

आता नायेलीचं सांगते. खाती-पिती. पयल्या दिवशी मी ठेचा फळीवर लपवून ठेवला होता, पोरीच्या तोंडाला लागंल म्हणून. तिनं शोधला आन् भाकरीबरोबर निम्मी वाटी संपवली. दाजी घाम पुसत बसलं, ही न्हाई. भाकरी थापताना माझ्या शेजारी बसती. म्हणती, "आत्या, माझी आई अशीच करती, पण मक्याची."

पण दाराचं काय करू ते सांग. आपल्या घराचं दार सकाळी उघडलं की निजतानाच लागतं, तुला म्हाईत हाय. ही आल्यापासून भर दिवसा कडी. कोण आलं की मला हातानं मागं सारती, आपण दाराजवळ जाती आन् आतनं विचारती, "कोण? कागद हाय का? दाराखालून सरकवा." गॅसवाला खंडू सिलिंडर खांद्यावर घिऊन उन्हात उभा. बाहेरनं वरडतोय, "आवो अनसाबाई, आत तहसीलदार बसवलाय काय?" शेवटाला बिचाऱ्यानं पावती खालनं सरकवली. हिनं ती उलटीपालटी करून बघितली आन् मला म्हणती, "आत्या, ह्याच्यावर जज्जची सही न्हाई." सगळी आळी हसली. मीबी हसले. मग दिसलं की ती एकटी हसत न्हाई.

तुम्हीच शिकवलं ना तिला हे, धरायला माणसं आली तर जज्जच्या सहीचा कागद बघितल्याबिगर दार उघडायचं न्हाई म्हणून? शिकवलं ते बरोबरच आसंल. मी तिथं न्हाई, मला काय म्हाईत. पण ते तिच्या अंगातनं जात न्हाई. बूट घालून झोपती. काढायला लावलं तर उशाशी ठेवती, नाड्या सैल करून, पाय घालायला तयार. शाळा सुटायच्या आधी पंधरा मिनिटं मी फाटकावर जाऊन उभी ऱ्हाते. एकदा गिरणीत दळणाला अडकले आन् पाच मिनिटं उशीर झाला. पोरगी रडली न्हाई. गुरुजींच्या शेजारी सरळ उभी राहून तिनं त्यांना तुझा नंबर, तिच्या आईचा नंबर, माझा नंबर, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. गुरुजी मला म्हणले, "ताई, हिला तीनचा पाढा येत न्हाई आन् एवढाले नंबर कसे येतात हो?"

काय सांगू त्यांना? की हिची आई एका दिवशी सकाळी हिला शाळेत सोडून कपडं धुवायच्या कारखान्यात कामाला गेली, तिथनंच कागद न्हाई म्हणून तिला धरून नेली, आन् सांज झाली तरी पोरीला न्यायला कोण आलं न्हाई? की बाप गोठ्यात लपून होता आन् त्याचा फोन बंद होता? मी सांगितलं, हुशार हाय पोरगी. दुसरं काय सांगणार.

तुम्हा तिघांत अमेरिकेचा कागद एकट्या तिच्याकडं. तिथंच जन्मली. तू जहाजावर कामाला म्हणून गेलास आन् बंदरात उतरून माघारी चढलाच न्हाईस. तिची आई एल्विरा मेक्सिकोतनं तशीच आली. राहायचा हक्क फक्त पोरीला, आन् भाईर कोण पडलं? आधी आई, तिला माघारी मेक्सिकोत नेऊन टाकली, आन् मग पोरगी. तिला तर तूच पाठवलीस. कुठल्या त्या गुजराती नवराबायकोबरोबर विमानात बसवलीस आन् मला म्हणलास, "आक्का, महिनाभर सांभाळ, इकडं निवळलं की बोलावतो." पाच महिनं झालं.

आता मुदतीचं. इथंबी ती परदेशी हाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, भावाची पोर, आपल्या घरात ऱ्हायची, त्यात कुणाला काय विचारायचं? सोनमनं पासपोर्ट बघितला आन् म्हणली, "आई, चार डिसेंबरपर्यंतच हाय." मुदत वाढवायचा अर्ज केला. पोलीस घरी येऊन पोरीला बघून जाणार म्हणले. तो तीन तारखेला आला. पोरगी घरी नव्हती. त्यानं तसं लिहिलं, अर्ज अडकला. एवढंच.

सोनमला भाकरीचं पीठ मळून दिऊन आले. एवढंच म्हणले, पण एवढंच न्हाई. लिहूनच टाकते, म्हंजी सुटले.

आदल्या दिवशी संध्याकाळी पोलीस पाटलांचा फोन आला, उद्या अकराला माणूस येतोय, पोरीला घरी ठेवा. मी बरं म्हणून फोन ठेवला. मागं वळते तर पोरगी जाग्यावर न्हाई. खाटंखाली होती. बूट घातलेले, दप्तर पोटाशी, आन् खालची फरशी ओली. आठ वर्षाची पोर, ज्ञानू. मी वाकले, म्हणले, बाहेर ये बाळा, कोण काय करत न्हाई. तर ती मला म्हणती, "आत्या, हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

त्या दिवशी कोंडिबा तात्या मेंढरं घिऊन आपल्याच रानात उतरले होते. दिवाळी झाली की दरवर्षी दोन दिवस त्यांची मेंढरं आपण वावरात बसवतो, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला ते शिरूरच्या बाजूला निघणार होते. मी इचार केला न्हाई. पोरीला स्वेटर घातला, भाकरी बांधली आन् तात्यांच्या बायकोच्या, विठाकाकूंच्या, हातात पोरगी दिली. घोड्यावर बाजलं, भांडी, चार कोंबड्या, दोन कोकरं, आन् त्याच्यावर तुझी अमेरिकेची पोरगी. दाजी म्हणलं, "अनसे, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" मी म्हणले, तुम्ही गप बसा.

अकराला पोलीस आला. तरणा पोरगाच होता, मोटरसायकलवर.

"मावशी, मुलगी कुठंय?"

"पोरगी घरी न्हाई."

"कवा येईल?"

"म्हाईत न्हाई."

"गेलीय कुठं?"

"पावण्याकडं."

"कुठल्या गावाला?"

आता गाव काय सांगू? मेंढरांच्या वाड्याला गाव असतंय व्हय? मी म्हणले, "ती फिरतीवर हाय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. आठ वर्षाची पोर फिरतीवर. मग त्यानं वहीत लिहिलं आन् गेला. चहासुदिक घेतला न्हाई.

आपल्यातल्या कुणीबी हेच केलं असतं. आपल्या बापानं न्हाई का फॉरेस्टवाले आले की मेंढरं आन् पोरं एकदमच डोंगराआड नेली? अंगातली सवय ती. पण फॉरेस्टवाला दंड करायला यायचा. हा नुसता बघायला आलता.

आठ दिवस पोरगी वाड्यावर होती. शाळेत ताप आलाय म्हणून सांगितलं. अकरा तारखेला मी चौफुल्यावरनं शिरूरची गाडी धरली. पारगावचा पूल गेला, न्हावरं गेलं, आन् घोडनदीच्या अलीकडं एका बागायतदाराच्या मोकळ्या रानात वाडा दिसला. लांबनं बघते तर पोरगी अनवाणी. कोकरू बगलंत, त्याला बाटलीनं दूध पाजतीय. बूट कुठं हायेत म्हणून इचारलं तर म्हणली, "विठाआजीच्या पोत्यात असतील." असतील म्हणली. तिला ठाऊकबी नव्हतं.

विठाकाकू सांगत होत्या, पयल्या मुक्कामाला पोरीनं सगळं खोदून इचारलं. हे रान कुणाचं? काकू म्हणल्या, पाटलाचं. मग तुम्ही इथं कशा? "आगं, त्यानंच बोलावलंय. मेंढरं बसली की त्याचं रान पिकतं. दाणं देतोय वर." मग तो तुम्हाला हाकलणार कवा? काकू म्हणल्या, "हाकलतोय कशाला? तीन दिवस झालं की आमचं आमी उठतो. म्होरला वाट बघत असतो." मग पोरगी म्हणली, "माझे पप्पापण गाईंचं काम करतात. त्यांनापण बोलावलं होतं का?" काकूंनी ते मला इचारलं. मी तुला इचारते.

मी चल म्हणले तर येईना. माझा पदर धरला आन् म्हणती, "आत्या, इथं दारच न्हाई. माझ्या आईला इथं आण ना. इथं तिला कोण कागद मागणार न्हाई." तात्या पागोटं सोडून परत बांधायला लागले. मी तिच्यावर उगीच खेकसले, केस बघ कसे झालेत म्हणून. गाडीत खिडकीशी बसवली. न्हावऱ्यापर्यंत माझ्याकडं पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले, त्याच पोराला गाठलं. म्हणले, मी खोटं बोलले, काय करायचं ते कर. तो म्हणला, "मावशी, मला फक्त पोरगी बघून खूण करायची होती. चहा पिऊन गेलो असतो." भला हाय बिचारा. पण अर्ज आता नव्यानं भरायचा, आन् ह्या खेपेला बापाची सही लागती, शिक्क्यासकट. म्हणून तुला एवढे मेसेज. तू अंगठे पाठवत बसलास.

आता आजचं ऐक.

तुझ्या लग्नाचा फोटो आलता तवा मी मल्हारला म्हणले होते, पुसून टाक. नऊ वर्षं तुझ्याशी बोलले न्हाई. एल्विराचं तोंड मी पयल्यांदा बघितलं ते ह्या जूनमधी, तिची पोर माझ्या मांडीवर असताना. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तिच्याकडं शनिवारची सांज असती. तिची भाषा मला न्हाई, माझी तिला न्हाई. मधी पोरगी. एल्विरा बोलती, पोरगी सांगती, "आई म्हणती, जेवलात का?" मी म्हणते, जेवलो. एल्विरा परत बोलती, जोरात, डोळं पुसती. पोरगी सांगती, "आई म्हणती, तिकडं पाऊस हाय का?" मी म्हणते, न्हाई बाई. पाच महिनं मी जेवलो आन् पाऊस हाय-न्हाई एवढंच सांगतीय. मला वाटायचं, बाई रडकीच हाय, पावसासाठी कोण रडतं का.

आज सोनमनं पोरीला न सांगता आपल्या मोबाईलवर ते भाषा बदलायचं चालू करून ठेवलं. एल्विरा बोलली. पोरगी म्हणली, "आई म्हणती, मामांचा गुडघा कसा हाय?" आन् सोनमच्या मोबाईलवर आलं ते सोनमनं मला नंतर वाचून दाखवलं. "माझी मुलगी मला कधी देणार? मी तिहुआनात खोली घेतली आहे. शाळेत विचारून ठेवलं आहे. तिच्या आत्याला सांग, मी हात जोडते."

दर रविवारी हेच म्हणत होती ती. आन् मी तिला गुडघा बरा हाय म्हणून सांगत होते.

पोरीला जवळ घेतली. मारली न्हाई, ओरडलेबी न्हाई. इचारलं, आईचं बोलणं मला का सांगत न्हाईस? बोटानं चटईची काडी काढत बसली. मग म्हणली, "पप्पा म्हणले, मी आईकडं गेले तर ते एकटे पडतील. मग त्यांना कोण बघणार? मी इथं थांबले तर ते मला बोलावतील, मग आईला पण." मी म्हणले, तुला आईकडं जायचंय का? तर म्हणती, "पप्पांना विचारून सांगते."

आईची आठवण आली का, हे लेकरू बापाला विचारून सांगणार.

ज्ञानू, तू हे तिला भाबडेपणानं बोलला असशील. विमानतळावर सोडताना रडायला आलं असंल, तोंडातनं गेलं असंल. मी तुला ओळखते. पण ती तुझा शब्द धरून बसलीय. तू तिकडं एकटा पडू नये म्हणून ती आईला माझ्यापासनं आन् मला आईपासनं लपवतीय. सांभाळायचं कुणी कुणाला?

आता दोन कागद हायेत. एक, तिनं इथं ऱ्हायची मुदत वाढवायचा. दुसरा, तिला केडगावच्या मास्तरांच्या सुषमाबरोबर पाठवायचा. सुषमा भावाच्या लग्नाला आली होती, २९ तारखेला लॉस एंजेलिसला माघारी जाती. एल्विराची मावसबहीण तिथं राहती, तिच्याकडं कागद हायेत. ती पोरीला गाडीतनं सरहद्दीपलीकडं नेऊन आईच्या हातात देईल. अडीच-तीन तासाचा रस्ता. सुषमा तिच्याशी फोनवर बोलली. सही दोन्ही कागदांना तुझीच लागती.

पयला कागद मला पाहिजे. हे लिहायचं नव्हतं. पोलिसाशी खोटं बोलले ते पोरगी घाबरली म्हणून, असं दाजींना सांगितलं, तुलाबी वर तसंच लिहिलं. ते निम्मं खरं. पाटलांचा फोन आला तवा मलाबी वाटलं, की हा तिला न्यायलाच येतोय. आन् मी मनात म्हणले, देत न्हाई. माझी हाय. सकाळी तिची वेणी घालताना तेच वाटतं मला. मल्हार मोठा झाल्यापासनं ह्या घरात माझ्या हाताखाली कुणी डोकं दिलं नव्हतं. पण ती माझी न्हाई. तिकडं एक बाई दर शनिवारी हात जोडतीय आन् मी तिला पावसाचं सांगतीय. त्या सरकारनं पोर तिच्यापासनं तोडली, त्याला मी काय करणार. पण आता धरून ठेवणारे आपण दोघं हाय. तू तिथनं, मी इथनं.

म्हणून दुसरा कागद मागते.

सहीसाठी डेअरीच्या भाईर पडलास तर धरतील, म्हणशील. धरतीलबी. काय होत न्हाई, असं मी इथं ओट्यावर बसून म्हणणार न्हाई. सुषमाला इचारलं. ती म्हणती, शिक्का मारणारी बाई फोन केला तर गोठ्यावरसुदिक येती. तिचा नंबर सोनम पत्राखाली टाकती. गाईंच्या मधी उभा राहून सही कर, कोण बघत न्हाई.

पण सहीच्या आधी पोरीला फोन कर. मला न्हाई, तिला. तिला सांग की तू एकटा ऱ्हाशील, रांधून खाशील, आन् तुला बघायचं काम तिचं न्हाई. तिला तुझ्या तोंडानं जा म्हण. मी म्हणून बघितलं, माझ्याकडनं घेत न्हाई ती. मन मोडून म्हणायला लागंल, ते मला कळतंय. मलाबी तिची पिशवी भरायचीय.

शुक्रवारी, २१ तारखेला, संध्याकाळी साडेपाचला ती शाळेतनं येऊन चहा घिऊन बसती. तुझ्याकडं तवा पहाटंचे चार, धारा काढायची येळ, तू उठलेला असतोस. त्या येळंला फोन आला पाहिजे. न्हाई म्हणायचं आसंल तर तेबी तिलाच म्हण, माझ्यामार्फत न्हाई. शुक्रवार गेला तर रविवारी, २३ तारखेला, मी एल्विराला सोनमच्या मोबाईलवरनं सगळं खरं सांगणार, तुझं आन् माझंबी. मग तिला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ.

शुक्रवार, साडेपाच. फोन तिच्या हातात दिलेला आसंल.

तुझ्या पोरीची आत्या,
अनसा